हरलिंगमसाहेबाचा कायदा

वसईजवळच्या जूचंद्र गावच्या शत्रुघ्न भोईरांनी अडतीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले आणि ती सगळी वर्षं एका साहेबाचा धाक बाळगला. हा साहेब त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याचा फोटोही कुठे नव्हता. पण तो आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सुरुवात झाली ती टांग्यापासून. शत्रुघ्नदादांचे मामा वसई स्टेशनबाहेर टांगा हाकायचे. भाच्याला शाळेपेक्षा मामाच्या घोड्याची ओढ जास्त. घोड्याला नाल मारायला जो नालबंद यायचा, त्याच्यासमोर हा पोरगा तासन्‌तास उकिडवा बसायचा. पुढे त्यानेच पोराच्या हातात हातोडी दिली. घोड्याचा पाय मांडीत कसा धरायचा, खूर किती तासायचा, खिळा कुठल्या अंगाने मारला म्हणजे जिवंत मांसाला लागत नाही, हे सगळं दोन वर्षांत शिकवलं. मग टांगे कमी होत गेले, रिक्षा आल्या, आणि एकविसाव्या वर्षी शत्रुघ्नदादा मुंबईतल्या एका पोलोच्या तबेल्यात कामाला लागले.

पोलो म्हणजे काय हे त्यांना तिथेच कळलं. घोड्यावर बसायचं, हातात लांब दांड्याची काठी घ्यायची, तिला पुढे लाकडी ठोकळा, आणि त्या ठोकळ्याने जमिनीवरचा बॉल मारत समोरच्या दोन खांबांमधून न्यायचा. एका बाजूला चार गडी. सात मिनिटांचा एक डाव, त्याला म्हणायचं चक्कर. खेळणारे कोण, तर फौजी अधिकारी, गिरणीवाल्यांची मुलं, कुठल्या ना कुठल्या संस्थानातले धाकटे राजे. तोंडाने एकापेक्षा एक तिखट. याने माझी वाट कापली, त्याने माझ्या घोड्याला धडक दिली, म्हणून भर मैदानात जुंपायची. पण पंच हात वर करून एकच शब्द बोलायचा, "हर्लिंगहॅम!" आणि राजेसुद्धा गप्प व्हायचे.

"ह्यो कोन?" असं शत्रुघ्नदादांनी पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या सईसाला विचारलं होतं.

"हरलिंगम. विलायतेत असतो. पोलोचा सगळा कायदा त्याचा," सईसाने घोड्याला खरारा करता करता सांगितलं. त्याला तरी कुठे जास्त ठाऊक होतं!

बस्स, एवढ्यावर साहेब उभा राहिला. राजांना गप्प करतो म्हणजे साधासुधा नसणार. शत्रुघ्नदादांनी त्याला उंची दिली, लाल तोंड दिलं, पांढऱ्या मिशा दिल्या. बिनसाखरेचा चहा पिणारा, वेळेचा पक्का, खोटं न खपवणारा. वर्षं गेली तसा साहेब त्यांच्या संसारातच येऊन बसला. मुलगा भूपेश लहानपणी गोट्यांत लबाडी करायला लागला की दादा म्हणायचे, "हरलिंगमसाहेबाच्या तबेल्यात तुना एक दिस ठेवला नसता." भागूबाई, त्यांच्या पत्नी, वैतागायच्या. "माज्या सासऱ्याचं येवरं ऐकलं नाय कंधी, तेवरं त्या गोऱ्याचं ऐकता."

कंबर धरायला लागली तेव्हा दादांनी काम सोडलं. नालबंदाला दिवसभर वाकून राहावं लागतं, त्याची कंबर आधी म्हातारी होते. घरी आल्यावर थोडं भाताचं शेत, थोडं परसातलं वांगं-मिरची असं चाललं होतं. पण घोड्यांशिवाय करमेना. मग एका हिवाळ्यात त्यांनी पाहिलं, त्यांचा नातू मितेश आणि त्याचे मित्र कापणी झालेल्या शेतात सायकलींवर बसून खराट्याच्या दांड्याने बॉल मारतायत. दादा बांधावर उभे राहिले. पाहता पाहता त्यांच्या अंगात आलं.

"अरं, ती वाट त्याची हाय! तू मधी घुसतोस कसा?"

पोरांना वाटलं, म्हातारा रागावला. म्हातारा खुशीत होता.

आठ दिवसांत दादांनी बांबूचे दांडे आणि आंब्याच्या लाकडाचे ठोकळे जोडून दहा काठ्या तयार केल्या. शेतातली भाताची खुंटं काढून जमीन चोपून घेतली. जूचंद्रच्या पोरींचा हात रांगोळीला मोठा तयार, त्यांनी चुन्याने अशा सरळ रेघा मारल्या की दोरी लावायची गरज पडली नाही. सायकल पोलो सुरू झाला. दादा शिट्टी घेऊन पंच झाले. सांडोरला फ्रेडरिक नावाचा सायकल दुरुस्तीवाला होता. तो एकदा काठ्या बघायला आला आणि गावी जाऊन आपली टीम उभी करून बसला. तेव्हापासून दर जानेवारीत जूचंद्र विरुद्ध सांडोर असा सामना ठरूनच गेला. निकाल काहीही लागो, तंटा झाला की दादा शिट्टी फुंकून म्हणायचे, "हरलिंगमसाहेबाचा कायदा!" आणि दोन्ही गावं गप्प.

फक्त एक माणूस या कायद्यावर खूश नव्हतं. ती दादांची नात, तेजस्वी.

तेजस्वी मितेशची धाकटी बहीण. आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात. सायकलवर तिच्यासारखी वळणारी अख्ख्या गावात कोणी नाही. हात सोडून बांधावरून जायची. पण ती डावखुरी. जेवण उजव्या हाताने, तेही भागूबाईंनी लहानपणी सवय लावली म्हणून. बाकी सगळं डाव्याने. चौदा वर्षांची असताना तिने पहिल्यांदा काठी उचलली तेव्हाच दादांनी ती तिच्या उजव्या हातात दिली.

"आजा, ह्या हातानं नाय मारता येत."

"मंग खेलता नाय येनार, बाय. काठी उजव्या हातात. साहेबाच्या कायद्यात डावा हात बसत नाय."

"का पण?"

"का म्हंजे? कायदा हाय."

तिने महिनाभर उजव्याने प्रयत्न केला. बॉलऐवजी स्वतःच्या चाकाच्या तारा मोडल्या. मग ती खेळायची थांबली आणि गोलाच्या खांबापाशी झेंडा घेऊन उभी राहायला लागली. गोल झाला की झेंडा वर. पण घराच्या मागे, चिंचेखाली, ती एकटी डाव्या हाताने बॉल मारायची. ठक्‌, ठक्‌ असा आवाज दादांना ओटीवर ऐकू यायचा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

अशी पाच वर्षं गेली. गेल्या डिसेंबरात जूचंद्रला चंद्रहास नाचणकर आले.

नाचणकर मूळचे संगमेश्वरकडचे. मुंबईत एका मोठ्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर पत्नी मीरासह वसईच्या एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहतात. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज सायकल मारायला सांगितली होती. एका रविवारी सकाळी ते वाट चुकून या शेतापाशी पोचले आणि सायकलीवरून न उतरताच, एक पाय बांधावर टेकून, त्यांनी सबंध सामना पाहिला. संपल्यावर दादांजवळ आले.

"दादा, मघाशी तुम्ही म्हणालात तो हरलिंगमसाहेब कोण?"

"विलायतेचा. पोलोचा कायदा त्यानीच लिवला."

"पूर्ण नाव काय त्यांचं?"

"साहेबाला पूर्न नाव कोन इचारतं?" दादा हसले. "पन मानूस कडक होता."

नाचणकर मान डोलावून घरी निघाले. पण तेहतीस वर्षं ज्याने लोकांना हवी ती माहिती शोधून दिली, त्याला असा प्रश्न अर्धवट सोडून झोप लागणं कठीण. आठवडाभर त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, ओळखीच्या ग्रंथपालांना फोन केले. पुढच्या रविवारी ते हातात एक जाड फाइल घेऊन आले. सराव संपला होता. मुलं सायकली आडव्या टाकून पाणी पीत होती, आणि दादा बांधावर बसले होते.

"दादा, एक सांगायचंय. राग मानू नका."

"सांगा की."

"हर्लिंगहॅम नावाचा साहेब नाही. हर्लिंगहॅम हा माणूसच नाही."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग?"

"क्लब आहे. लंडनमध्ये, थेम्स नदीच्या काठी. खेळाचा जुना क्लब. त्या जागेचं नाव हर्लिंगहॅम."

"क्लब? म्हंजे जिमखाना?"

"तसंच काहीसं."

"मंग कायदा कोनी लिवला?"

"कमिटीने."

मुलांमध्ये आधी खसखस पिकली आणि मग मितेश मोठ्याने हसला. "आजा, तुजा साहेब कमिटी निंगाला!" सगळीच हसायला लागली. तेजस्वी तेवढी हसली नाही. तिने दादांचा चेहरा पाहिला होता. दादांनी शिट्टी गळ्यातून काढली, खिशात ठेवली आणि घराकडे चालायला लागले. नाचणकर फाइल हातात धरून तिथेच उभे. आपण फार मोठी चूक केली, असं त्यांना झालं.

दोन दिवस दादा कोणाशी धड बोलले नाहीत. कोणी मेलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. तरी पन्नास वर्षं ज्याचा मान राखला तो माणूस कधी नव्हताच, हे पचवायला वेळ लागणारच. भागूबाईंनी पहिला दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी मात्र ताटात बोंबलाचं कालवण वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी येका मानसाला भ्यायला व्हता, आता कमिटीला भ्या. त्यात तोंड पारायचं काय? कायदा तर हाय ना?"

दादा घास हातात धरून थांबले. "कायदा हाय. पन भागू, साहेबाला इचारता येत नव्हतं. कमिटीला इचारता येतं."

"काय इचारायचं?"

"का म्हनून?"

तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून दादा रिक्षाने एव्हरशाईन सिटीत गेले. सारख्याच दिसणाऱ्या इमारतींमध्ये नाचणकरांची शोधायला त्यांना अर्धा तास लागला. मीराताईंनी दार उघडलं. नाचणकर आतून जवळजवळ धावतच आले.

"दादा, माफ करा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर—"

"ते जाऊ दे, नाचनकर साहेब. तुमी मना सगला सांगा. पयल्यापासून."

मग चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला, आणि नाचणकरांनी सगळं सांगितलं. क्लब सुरू झाला तो १८६९ मध्ये, आणि तोही पोलोसाठी नव्हे, कबुतरं मारण्यासाठी.

"कबुतरं?"

"पिंजऱ्यातून सोडायची आणि बंदुकीने टिपायची. पुढे ते बंद केलं. पण क्लबच्या चिन्हावर कबुतर अजून आहे."

"अरे देवा!" दादांनी मांडीवर थाप मारली. इतका वेळ ताणलेला चेहरा जरा सैल झाला.

"पोलो तिथे १८७४ साली आला. आणि गंमत म्हणजे तो आपल्याकडून गेला. मणिपूरला लोक पूर्वीपासून खेळायचे. त्यांच्याकडून शेजारचे चहाचे मळेवाले इंग्रज शिकले, मग फौजी शिकले, त्यांनी विलायतेला नेला."

"म्हंजे खेल आपला आनि कायदा त्यांचा?"

"अगदी तसंच. हर्लिंगहॅमच्या कमिटीने नियम छापले आणि ते इतके चालले की जगात कुठेही वाद झाला की त्यांचं नाव घ्यायचे."

"आनि ते नियम तसेच हायत? येकदा लिवले ते लिवले?"

नाचणकरांनी फाइलची पानं उलटली. "छे! सारखे बदलले. सुरुवातीला एका बाजूला पाच गडी, मग चार केले. घोड्याच्या उंचीला मर्यादा होती, ती आधी वाढवली, पुढे काढूनच टाकली. ऑफसाइडचा नियम होता, तोही पहिल्या महायुद्धाच्या आधी उडवला."

दादा एकेक ऐकत होते आणि मान हलवत होते. घोड्याच्या उंचीचा नियम का गेला, हे त्यांना न सांगताच कळलं. खेळ वेगवान झाला की लांब टांगेचा घोडा लागतो, त्यांनी स्वतःच्या मांडीत तसले पाय धरले होते.

"आता तितं कंचा घोरा बरा हाय? गेला हाय का कोनी तुमच्या वलखीचा?"

नाचणकर जरा घुटमळले. "दादा, आता तिथे पोलो नाही. १९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि खेळ थांबला, तो कायमचाच. लढाईत खायचे वांधे, म्हणून मैदानात भाजीपाला लावला. लढाईनंतर मैदानं सरकारकडे गेली. एकावर बाग झाली आणि एकावर लोकांसाठी घरं बांधली. क्लब आहे अजून, टेनिस वगैरे खेळतात. पण घोडा नाही."

मीराताईंना वाटलं, आता हे पुन्हा खिन्न होणार. पण दादा बाल्कनीतून खाली बघत होते. खाली भाजीवाली, शाळेची बस, इस्त्रीवाला. ते म्हणाले, "ह्या जाग्यावर पन आदी शेतीच व्हती. मी लहानपनी इकरं चिंबोऱ्या पकरल्या हायत." मग थोडं थांबून, "लोक रायला आले तितं. वाईट नाय झालं. पन येवऱ्या मोठ्या मैदानात वांगी कशी आली असतील, हां?"

सगळे हसले. आणि मग दादांनी ज्यासाठी ते आले होते तो प्रश्न विचारला.

"डाव्या हाताचं काय लिवलंय?"

नाचणकरांनी पान शोधलं. काठी उजव्या हातात धरायची, असा आजचा नियम होता. पण तो पहिल्यापासून तसाच नव्हता. काही ठिकाणी बंदी आली, मग लढाईनंतर खेळाडू कमी पडले तेव्हा डावखुऱ्यांना सूट दिली, मग पुन्हा बंदी. "कारण दिलंय सुरक्षेचं. समोरासमोर येणारे दोघं उजव्या हाताचे असले की दोघंही बॉल आपल्या उजवीकडे ठेवतात आणि एकमेकांच्या बाजूने सुखरूप जातात. एक डावखुरा असला तर तो बॉल डावीकडे घेणार, आणि घोड्यावर घोडा."

दादा पुढे सरकले. टेबलावरचे दोन चमचे त्यांनी समोरासमोर ठेवले, मधे साखरेचा एक दाणा. चमचे पुढे सरकवले, मागे घेतले, पुन्हा सरकवले.

"नाचनकर साहेब," ते म्हणाले, "ह्यो नियम हाताचा नायच. वाटंचा हाय."

जूचंद्रला पोचेपर्यंत दुपार झाली. चिंचेखाली ठक्‌ ठक्‌ चालूच होतं. दादा थेट तिथे गेले.

"सायकल काढ."

तेजस्वीने बॉल उचलून पाठीमागे लपवला. "मी नुसतीच मारत होते, आजा."

"सायकल काढ म्हनतो. मी तुना तीन वरीस उगीच बसवून ठेवली."

"पाच," ती म्हणाली.

दादांनी मान खाली घातली. "पाच."

शेतात दादा मितेशची सायकल घेऊन एका टोकाला गेले, तेजस्वी दुसऱ्या टोकाला. मधे बॉल. एकाहत्तर वर्षांचा माणूस उजव्या हातात काठी घेऊन सुटला, समोरून नात डाव्या हातात काठी घेऊन. पहिल्या वेळी तिने सवयीप्रमाणे बॉल डावीकडे घेतला, आणि दोन्ही सायकलींची हँडलं एकमेकांत अडकली. दादा सरळ मातीत जाऊन पडले.

भागूबाई सूप टाकून धावत आल्या. "मोडला का? सांगा, काय मोडला?"

"नाय मोडलं. मजा आली," दादा मातीत बसूनच म्हणाले. कोपर सोललं होतं, पण डोळे लुकलुकत होते. "बग तेजू, आता समजलं का भांडन कशाचं हाय? हात डावा असू दे. पन समोरून कोन आला की बॉल तुज्या उजव्या अंगाला घ्यायचा. हात आरवा टाकून, चाकावरनं. उजव्या हातवाले डाव्या अंगाचा बॉल मारतात की नाय? तसाच."

"आणि समोर कोणी नसलं तर?"

"मंग सगला रान तुजा."

आडवा फटका सोपा नव्हता. त्यात जोर कमी, नेम चुकायचा. पण चार दिवसांत तेजस्वीला तो थोडाफार जमायला लागला. दादांनी तो नियम नाचणकरांकडून एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि मितेशबरोबर सांडोरला गेले.

फ्रेडरिक दुकानात एका वाकड्या झालेल्या चाकाची आउट काढत होता. कागद वाचून त्याने भुवया वर केल्या. "काका, सामन्याला आठ दिवस राहिले आणि आता तुम्ही कायदा बदलता? तुमचा साहेब काय म्हणेल?"

"साहेब नव्हताच, फ्रेडरिक," दादा म्हणाले. एवढं बोलताना त्यांना आता अडखळायला झालं नाही. मग त्यांनी कबुतरांपासून वांग्यांपर्यंत सगळी कथा सांगितली. दुकानात पंक्चरसाठी थांबलेली दोन माणसं पंक्चर निघालं तरी गेली नाहीत.

फ्रेडरिक विचारी माणूस. त्याने कागद पुन्हा वाचला, दुकानाबाहेर येऊन मितेशला समोरून सायकल मारायला लावली आणि स्वतः काठी डाव्या हातात धरून बघितली. दोनदा, तीनदा. शेवटी म्हणाला, "चालेल. पण एक अट. ती एकदा जरी चुकीच्या बाजूने आली, तर बाहेर. पुन्हा मैदानात नाही."

"मान्य. आनि शिट्टी मीच मारनार. माजी नात हाय म्हनून थांबनार नाय."

"ते मला माहीत आहे, काका," फ्रेडरिक म्हणाला.

जानेवारीतल्या त्या रविवारी शेताच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. सांडोरहून दोन टेम्पो भरून माणसं आली, केळीचे घड घेऊनच. नाचणकरांनी एव्हरशाईनचे दहा-बारा शेजारी सायकलींवरून आणले, मीराताईंसकट. खेळ सुरू होण्याआधी दादांनी नवा नियम मोठ्याने वाचून घेतला, म्हणजे नाचणकरांनी वाचला आणि दादा शेजारी उभे राहिले.

पहिल्या चक्करमध्ये तेजस्वी बिचकत होती. पाच वर्षं झेंडा धरलेल्या माणसाला मैदान फार मोठं दिसतं. सांडोरने दोन गोल केले. दुसऱ्या चक्करला मितेशने बॉल तिच्याकडे सरकवला, समोर रान मोकळं होतं, आणि तिने डाव्या हाताने असा सणसणीत फटका मारला की बॉल खांबांमधून जाऊन पलीकडच्या पाणथळीत पडला. बांधावर एकच गलका झाला. भागूबाई ओरडल्या, "माजी बाय ती!" आणि मग शेजारी उभ्या असलेल्या मीराताईंना धरून नाचल्या. तिसऱ्या चक्करला तेजस्वीने अजून एक केला. शेवटचं चक्कर संपायला आलं तेव्हा सांडोर पाच, जूचंद्र चार.

तेव्हा बॉल मधोमध पडला. तेजस्वी एका बाजूने सुटली. समोरून स्वतः फ्रेडरिक. बॉल तिच्या डाव्या हाताशी होता. एक फटका, आणि गोल. बांधावरून पोरं ओरडली, "मार, मार!" दादांनी शिट्टी ओठांत धरली.

तेजस्वीने हँडल वळवलं, बॉल उजव्या अंगाला घेतला, आणि हात आडवा टाकून मारला. फटका लुळा पडला. फ्रेडरिक तिच्या उजवीकडून सुरळीत निघून गेला, त्याच्या मागच्या गड्याने बॉल अडवला आणि वेळ संपली. जूचंद्र हरलं.

 मग फ्रेडरिक सायकल टाकून परत आला आणि त्याने तेजस्वीच्या पाठीवर थाप दिली. "पोरी, तू डावीकडून मारला असतास तर मी आज हॉस्पिटलात असतो आणि सामना बरोबरीत सुटला असता."

"बाहेर गेले असते," ती म्हणाली. घामाने निथळत होती, हरल्याचा रागही होता, पण हसत होती.

दादा तिच्याजवळ आले. पंचाने मैदानावर कोणाला शाबासकी द्यायची नसते. त्यांनी फक्त तिची काठी घेतली, ठोकळ्याला तडा गेला होता तो अंगठ्याने चाचपला, आणि म्हणाले, "उद्या दुसरा लावू."

केळी वाटणं चालू असताना सांडोरच्या गर्दीतून एक सडपातळ मुलगी पुढे आली. फ्रेडरिकची पुतणी, इझाबेल. ती दोन वर्षं सांडोरकडून खेळत होती आणि दोन वर्षांत तिने एकही धड फटका मारलेला कोणाला आठवत नव्हता.

"शत्रुघ्नकाका," ती हळूच म्हणाली, "मीपण डावखुरीच आहे. नियम होता म्हणून उजव्याने मारत होते."

फ्रेडरिकच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "इझाबेल! मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलणार? साहेब विलायतेत होता ना."

दादा इतके हसले की त्यांना कंबर धरून बांधावर बसावं लागलं. हसू आवरल्यावर त्यांनी डोळे पुसले, तेजस्वीला हाक मारली आणि दोघींना मैदानाच्या मधोमध समोरासमोर उभं केलं. दोघींच्याही डाव्या हातात काठ्या.

"आता दोघी डावखुऱ्या समोरासमोर आल्या तर बॉल कुठल्या अंगाला?" नाचणकरांनी बांधावरून विचारलं.

दादांनी डोकं खाजवलं. याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

"थांबा, नाचनकर साहेब. ह्ये आता बघावं लागंल," ते म्हणाले, आणि दोघींना हाताने खूण केली, "चला पोरींनो, हलू हलू या."